गिळका

मेघना घाडीगावकर पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती दुसऱ्याच्या खोकल्यामुळे. लालबागच्या आमच्या शाळेत मी तेव्हा सातवी ‘अ’ला मराठी शिकवत होते. फळ्यावर वाक्प्रचार लिहीत असताना मागून कोणीतरी खोकलं आणि वर्गात खसखस पिकली. मी न वळताच विचारलं, “कोण ते?” तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक बारीक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सुशांतचा आहे, बाई. पण खोटा आहे. खरा खोकला दोनदा सारखा येत नाही.”

“ए चोमडे!” सुशांत ओरडला, आणि त्याबरोबर सापडलाही.

चुगलीचा सूर तिच्या आवाजात नव्हता. शुद्धलेखनातली चूक दाखवावी तसं तिने सांगितलं होतं आणि ती खाली बसली होती. त्या दिवसापासून मी तिच्याकडे लक्ष देऊ लागले. जिन्यावरच्या चपलांवरून कोणते शिक्षक येताहेत ते ती ओळखायची. शिपाई अप्पांनी घंटेचा दांडा बदलला तेही पहिल्यांदा तिलाच कळलं. अभ्यासात मध्यम होती. मात्र कानाने ऐकलेलं तिच्याकडून कधी सुटायचं नाही, आणि ऐकलेल्याला नेमका शब्द सापडेपर्यंत तिला चैन पडायचं नाही.

एकदा शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकांची सही हवी म्हणून मी तिच्या घरी गेले. घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, माणसं सात. तिची आई लक्ष्मी चहा टाकत होती. मध्येच तिने पदर तोंडाशी नेला, खांदे किंचित हलले, घशातून ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि मग नाकावाटे लांब श्वास. पुन्हा चहा.

“बरं नाही का?” मी विचारलं.

“नाय वो, बाई. गिळको तो.”

मेघनाने मला समजावलं. तिचे आजोबा कुशाबा गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात तिसऱ्या पाळीला होते. रात्रभर काम आणि दिवसा झोप, त्याच एका खोलीत. त्यांची झोप मोडू नये म्हणून घरातल्या बायकांनी दिवसा खोकायचं नाही असा रिवाज पडला. लक्ष्मी लग्न होऊन आली तेव्हा सासूने भाकरी थापायला शिकवण्याआधी तिला खोकला गिळायला शिकवलं. गिरणी बंद पडली, कुशाबा गावी जाऊन राहिले, सासू गेली, तरी लक्ष्मीचा खोकला काही बाहेर आला नाही. “आजी म्हणायची, खोकलो येता तसो गिळूचो. म्हणून गिळको,” मेघना म्हणाली. “आपल्या मराठीत गिळका म्हणता येईल ना, बाई?”

मी म्हटलं, “म्हणता येईल की.”

पुढे तिने परळच्या कॉलेजातून संगणकाची पदवी घेतली आणि दोन-तीन कंपन्यांमध्ये माहिती भरायची कामं केली. गुरुपौर्णिमेला मात्र न चुकता दादरला माझ्याकडे यायची.

आता मनवाबद्दल सांगायला हवं. नलू माझी जुनी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच शाळेत नोकरीला लागलो आणि एकाच वर्षी निवृत्त झालो. ती गणित शिकवायची. मनवा तिची मुलगी. हुशार, गोड बोलणारी, लहानपणापासून मला मावशी म्हणणारी. डॉक्टर झाली आणि परळच्या एका संशोधन संस्थेत लागली. करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर ती एका संध्याकाळी घरी आली.

“मावशी, मला एक मुलगी हवीय. चाळींमध्ये लोकांनी दार उघडलं पाहिजे, अशी. आणि संगणक येणारी.”

“कशाला?”

“खोकले गोळा करायला.”

मी हसले. पण तिची कल्पना खरंच चांगली होती. माणसाने मोबाइलसमोर तीनदा खोकायचं. असे हजारो खोकले जमवून, कोणता साधा आणि कोणता क्षयाचा, हे संगणकाला आवाजावरून ओळखायला शिकवायचं. दाट वस्तीत क्ष-किरण यंत्र नेता येत नाही, मोबाइल नेता येतो. मी क्षणाचाही विचार न करता मेघनाचं नाव सांगितलं.

त्या दिवसांत लोकांकडून खोकला मिळवणं सोपं नव्हतं. वर्षभरापूर्वीच खोकल्याचा आवाज शेजारी गेला तर गाडी येऊन उचलून नेईल अशी धास्ती होती. मेघना दारात उभी राहायची आणि आधी आपण कोणाच्या कोण ते सांगायची. कुशाबाची नात म्हटल्यावर घोडपदेवात दारं उघडत. नायगावात तिला तीनतीनदा जावं लागलं. तिथल्या बीडीडी चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या होत्या. अर्धी बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात गेलेली. तिथेही ती गेली. एकदा मीही हौसेने तिच्याबरोबर गेले होते. एका म्हातारीने मोबाइलसमोर खोकून झाल्यावर विचारलं, “ह्यो आता खंय जातलो?”

“क्लाउडमध्ये, आजी.”

“म्हणजे?”

“म्हणजे ढग. पण खरा ढग नाय गो. लांब कुठेतरी मोठमोठे संगणक असतात, त्यांना तसं म्हणतात. आपण ते भाड्याने घेतो.”

“माझो खोकलो ढगात?” म्हातारीने शेजारणीकडे पाहिलं. “मगे पावसाबरोबर तो हिच्या डोक्यार पडलो, तर माका बोल नको हां.”

शेजारीण म्हणाली, “पडलो तर वळखतलंय गो मी. तुझोच तो. कुसको, कुजलेलो!”

क्लाउड म्हणजे काय ते मलाही मेघनाकडूनच कळलं. संस्थेत एक जुना संगणक होता. हजारभर माणसांचे आवाज एकदा चाळायला त्याला अठरा दिवस लागत. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. क्लाउडवर एकाच वेळी चाळीस संगणक कामाला लावता येत. “जेवायला जाताना काम सांगायचं, बाई, डबा धुऊन येईपर्यंत उत्तर तयार,” ती म्हणायची. घोडपदेवच्या जिन्यात रेकॉर्ड केलेला खोकला ती संस्थेत पोहोचण्याआधी तिथल्या यादीत हजर असायचा. यादीची एक मोठी तक्ता-फाइलही क्लाउडवरच होती. मनवा, तिचे वरिष्ठ आणि मेघना तिघेही आपापल्या जागेवरून ती उघडत. त्या फाइलची एक खोड मेघनाने मला सांगितली होती. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता शब्द लिहिला किंवा खोडला, याची नोंद ती आपोआप ठेवते. शाळेच्या हजेरीपटावर खाडाखोड लपत नाही, तसंच.

मेघना होती कंत्राटी. कंत्राटी माणसाला संस्थेचं स्वतःचं खातं मिळत नसे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागे, त्यावर मनवाची सही लागे आणि तो वर जाई. मनवा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “त्यात कशाला वेळ घालवतेस? माझ्याच नावाने आत जा. पासवर्ड देते. आपल्यात काय!”

मेघनाच्या मनात मात्र ते राहिलं होतं. चार-पाच महिन्यांनी तिने मला विचारलं, “बाई, मनवाताईंकडे माझ्या खात्याचा अर्ज द्यायचा म्हणतेय. देऊ का?”

मी काय म्हटलं ते मला शब्दशः आठवतं. मी म्हटलं, “ती नाही म्हणणार नाही गं. पण तिने एवढ्या विश्वासाने पासवर्ड दिलाय, आणि तू वेगळं मागायचं, हे बरं दिसत नाही. तिला वाटेल, हिला माझा भरवसा नाही. घरचीच आहे ती.”

मेघनाने अर्ज दिला नाही. बाई सांगतील ते ऐकायचं, ही तिची सातवीपासूनची सवय होती.

पहिल्या वर्षाच्या शेवटी यंत्राचे निकाल काही धड येईनात. पुरुषांचे बरे येत, बायकांचे चुकत. मनवा वैतागली होती. मेघनाला यादीच्या तळाशी एक ढीग दिसला. ठरावीक पातळीपेक्षा आवाज कमी असला की यंत्र ती फाइल ‘रिकामी’ म्हणून बाजूला टाकत असे. अशा चारशे बारा रिकाम्या फाइली साठल्या होत्या आणि त्यांतल्या तीनशे एकाहत्तर बायकांच्या होत्या. इतक्या बायका मोबाइलसमोर बसून गप्प कशा राहतील? मेघनाने कानाला हेडफोन लावले आणि एकेक फाइल ऐकायला घेतली. पाच दिवस ऐकत होती.

सहाव्या दिवशी ती संध्याकाळी माझ्याकडे आली. घरात शिरायच्या आधीच बोलायला लागली. “बाई, रिकाम्या नाहीत त्या! आधी बांगडी वाजते. पदर तोंडाशी नेताना. मग घशात टक् होतं. मग नाकातून श्वास. बाई, सगळ्या बायका गिळतात! आईच एकटी नाही!”

मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

तक्त्यात ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता. मनवाच्या पद्धतीत खोकल्याचे दोनच प्रकार, कोरडा आणि कफाचा. मेघनाने त्या रकान्यात आपल्या घरातले शब्द लिहायला सुरुवात केली. ठसका, ढास, उबळ, खाकर आणि गिळका. दोन हजार एकशे चौदा माणसांच्या प्रत्येक खोकल्यापुढे एकेक शब्द. त्या नव्या यादीत पहिल्या क्रमांकावर तिने आईचं रेकॉर्डिंग घातलं, कारण खरा गिळका कसा असतो ते तिथे अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. मग त्या पाच ढिगांवर यंत्राला पुन्हा शिकवलं, आणि बायकांचे निकाल एकदम सुधारले. गिळका असलेल्या बायकांची थुंकी तपासून घेतली तेव्हा एकोणीस जणींना क्षय निघाला. एकीनेही आपण खोकतो असं कोणाला सांगितलेलं नव्हतं. एकोणीस जणींना औषध सुरू झालं. ते मोठं काम झालं, आणि ते मनवाच्या संस्थेमुळे झालं, हे मी आजही म्हणते.

मेघनाला त्यातून एकच गोष्ट हवी होती. संस्थेत संशोधन सहायकाची कायमची जागा निघणार होती. पदवी तिच्याकडे होती, अनुभव होता. फक्त एका प्रसिद्ध शोधनिबंधावर उमेदवाराचं नाव हवं अशी अट होती. दसऱ्याला नलूकडे आम्ही सगळ्या जमलो होतो. मेघना सोनं द्यायला आली. मनवाने तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि माझ्यादेखत, नलूच्यादेखत म्हणाली, “निबंध पाठवतोय या महिन्यात. चौथं नाव तुझं. मेघना घाडीगावकर, पूर्ण लिहिलंय.” मेघना वाकून तिच्या पाया पडायला गेली. मनवाने तिला वरच्यावर धरलं. “अगं, वेडी का तू!”

निबंध पुढच्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. ते मला वर्तमानपत्रातून कळलं. रविवारच्या पुरवणीत मनवाचा मोठा फोटो होता आणि खाली मुलाखत. मी चष्मा पुसून मेघनाचं नाव शोधू लागले. पहिल्या रकान्यात नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. तिसऱ्या रकान्यात प्रश्न होता, ‘गिळका हा सुंदर शब्द कुठून आला?’ आणि उत्तर, ‘माझ्या आजीकडून. ती घरात कोणाला त्रास होऊ नये म्हणून खोकला गिळायची. लहानपणी मी ते ऐकलं होतं.’

मनवाच्या आजीला, म्हणजे नलूच्या आईला, माईंना, मी वीस वर्षं ओळखत होते. शिवाजी पार्काजवळ चार खोल्यांचं घर, स्वतंत्र झोपायची खोली. त्या खोकल्या की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा. गिळणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नव्हता.

मी मेघनाला फोन केला. तिने मुलाखत वाचली होती आणि निबंधही उघडून पाहिला होता. पाच नावं होती. चौथं नाव हितेंद्र नावाच्या एका गृहस्थांचं होतं. ते शेवटच्या तीन महिन्यांत आकडेमोडीसाठी आले होते. शेवटी आभाराची एक ओळ, ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार’. नाव नाही.

“आई काय म्हणाली?” मी विचारलं.

“मी तिला वाचून दाखवलं, बाई. ती म्हणते, माझो खोकलो त्यांच्या आजयेचो कसो झालो?”

दोन दिवसांनी आम्ही दोघी परळला मनवाच्या खोलीत गेलो. मला पाहून ती खुर्चीतून उठली.

“मावशी! एवढ्या उन्हात तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं. सरबत सांगू?”

“नको,” मी म्हटलं. “मेघनाचं नाव का नाही, एवढंच सांग.”

ती जराही चपापली नाही. “मावशी, याचे नियम असतात. ज्याने विचार केला त्याचं नाव लागतं. मेघनाने काम खूप केलं, मी सगळ्यांना सांगते. पण काम म्हणजे विचार नव्हे.”

मेघना उभीच होती. ती म्हणाली, “ताई, रिकाम्या फाइली कोणी ऐकल्या?”

“तू ऐकल्यास. मी ऐकायला सांगितल्या म्हणून.”

“तुम्ही?” मेघनाचा आवाज चिरकला. “तुम्ही तर म्हणालात, कचरा आहे, पुसून टाक. मी पुसल्या नाहीत म्हणून ओरडलात मला!”

“हे बघ, आठवणींवर कशाला भांडायचं? तक्त्यातच आहे की सगळं.” मनवाने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि बदलांची नोंद उघडली. शेरा: गिळका. दुपारी तीन दहा. मनवा. शेरा: गिळका. तीन बारा. मनवा. शेरा: ढास. तीन चौदा. मनवा. ती बोटाने पडदा वर सरकवत राहिली. दोन वर्षांचे शब्द वर जात होते आणि प्रत्येकापुढे एकच नाव होतं.

“मी लिहिलंय ते,” मेघना म्हणाली. “तुमच्या पासवर्डने.”

“ते आपल्याला माहीत आहे गं. पण कागदावर काय आहे ते बघ ना.”

“आणि तुझी आजी?” मी विचारलं. “माई कधी खोकला गिळायच्या, मनवा?”

इथे मात्र ती जरा लाजली. मग हसून म्हणाली, “मावशी, मुलाखतीत काहीतरी घरगुती सांगावं लागतं. लोकांना ते आवडतं. शब्द कुठून आला म्हणून विचारलं तर काय सांगू? माहिती भरायला ठेवलेल्या मुलीकडून?”

मेघनाने टेबलावरची आपली पिशवी उचलली आणि दाराकडे गेली. मी तिच्यामागे निघाले. मनवा मागून म्हणत होती, “मावशी, आईला यातलं काही सांगू नका हं. तिचा रक्तदाब…”

मेघनाने संस्थेच्या संचालकांना पत्र लिहिलं. मराठी मी तपासलं, पण बदल करावा असं एकही वाक्य नव्हतं. साक्षीदार म्हणून मी खाली सही केली. दसऱ्याच्या दिवशी चौथं नाव देण्याचं वचन माझ्यासमोर दिलं गेलं, असंही लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं. समितीने तक्ता तपासला. सर्व नोंदी डॉ. मनवा यांच्या खात्यातून झालेल्या आहेत. अर्जदाराच्या कामाचा स्वतंत्र पुरावा आढळत नाही. तसंच दुसऱ्याच्या खात्यातून प्रवेश करणं हा संस्थेच्या नियमांचा भंग असून तो अर्जदाराने स्वतःच्या पत्रात कबूल केलेला आहे. सबब, कंत्राटाचं नूतनीकरण करता येत नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. पासवर्ड देणारीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

त्याच संध्याकाळी मेघनाने घरून तक्ता उघडायचा प्रयत्न केला. पासवर्ड बदललेला होता. तिच्या स्वतःच्या मोबाइलवर एकही खोकला, एकही शेरा शिल्लक नव्हता. नियमच तसा होता, रेकॉर्डिंग वर गेलं की मोबाइलवरचं पुसायचं. तिने तो नियम तीन वर्षं पाळला होता.

नलूला अर्थातच कळलं. ती मला फोनवर म्हणाली, “मनवाचं चुकलं असेलही. पण तू त्या पत्रावर सही करायची नव्हतीस. लहानपणापासून तुझ्या मांडीवर वाढली ती.”

“म्हणून तर केली,” मी म्हटलं. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. पन्नास वर्षांची मैत्री अशी एका वाक्यावर थांबेल, असं मला वाटलं नव्हतं.

मेघनाची मी माफी मागितली. अर्ज देऊ नको असं सांगणारी मीच होते. ती म्हणाली, “बाई, तुम्ही सांगितलं नसतं तरी मी दिला नसता. मलाही ते बरं दिसलं नसतं.” हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरं म्हणून, ते कळायला मला तिच्यासारखा कान नाही.

कायमच्या जागेसाठी तिने तरीही अर्ज केला. ‘प्रसिद्ध शोधनिबंध’ या चौकटीत तिने काही लिहिलं नाही. अर्ज छाननीतच परत आला.

मला वाटलं, संपलं. पण लक्ष्मी ऐकेना. इतक्या वर्षांत कधी मोठ्याने न बोललेली बाई रोज एकच विचारू लागली, “माझो खोकलो माका परत होयो.” मेघना आधी हसण्यावारी नेत होती. मग तिला आठवलं की संमतिपत्राच्या मागच्या पानावर सहावं कलम आहे. भाग घेणारी व्यक्ती कारण न देता कधीही आपलं रेकॉर्डिंग मागे घेऊ शकते. दोन हजारांवर माणसांना ते कलम तिनेच समजावून सांगितलं होतं आणि एकानेही ते वापरलं नव्हतं.

लक्ष्मी परळला स्वतः गेली. मेघना फाटकाबाहेर थांबली, म्हणून मी सोबत होते. खिडकीवरच्या मुलीने अर्ज घेतला आणि म्हणाली, “मावशी, काही प्रॉब्लेम झाला का? कशाला काढताय?”

“कारण सांगूचा नाय असा लिवलेला आसा,” लक्ष्मी म्हणाली.

मुलीने अर्ज पुन्हा पाहिला. पहिला क्रमांक. “अहो, हाच तर… थांबा हं.” ती आत गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती पोच घेऊनच. मनवा बाहेर आली नाही.

महिन्याच्या आत पत्र आलं. क्रमांक एकचं रेकॉर्डिंग क्लाउडवरून, त्याच्या सर्व प्रतींसह, काढून टाकण्यात आलं आहे. मात्र त्यावरून यंत्राने जे शिकून घेतलं ते वेगळं काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. प्रसिद्ध झालेला निबंधही बदलणार नाही. मेघनाने आईला दोन्ही वाक्यांचा अर्थ सांगितला. लक्ष्मी म्हणाली, “म्हणजे शिकलेला तेंच्याकडे ऱ्हवला.” आणि पत्र घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.

निबंधाला पुढे कसलंसं पारितोषिक मिळालं. गिळका हा शब्द आता इतर संशोधकही इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि त्याखाली कंसात मनवाचं आडनाव आणि साल असतं. हे मला मेघनाने सांगितलं नाही. वर्तमानपत्रात आलं होतं. मी ते पान तिच्यासाठी ठेवलं नाही.

मेघना सध्या भायखळ्याच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन, रविवारी सुट्टी.